कात्रीखालचा राजीनामा

आमचे सर शर्टाच्या खिशात राजीनामा घेऊन फिरायचे. पेन, चष्म्याचं घर, एसटीचा ज्येष्ठ नागरिकाचा पास आणि चार घड्या घातलेला तो कागद. त्यावर तालुका अध्यक्षपद सोडत असल्याचा दोन ओळींचा मजकूर, खाली सरांची लफ्फेदार सही आणि तारखेची जागा कोरी. सभा सुरू होण्याआधी सर कागद काढून टेबलावर ठेवत, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर देवाजीभाऊंची कापड कापायची मोठी कात्री ठेवत आणि मगच खुर्चीत बसत. सभा संपली की सचिवानं कात्री बाजूला करायची, कागद सरांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "घ्या सर." सर तो खिशात टाकायचे आणि मग चहा यायचा. शेवटची सहा वर्षं ही सचिव मी होते.

"खुर्चीवर बसाच्या आधी उठाचं कसं ते ठरवून ठेवा लागते, वंदना," ते म्हणत. "मंग बसाले भेव लागत नाई."

नवीन माणूस हे पाहून हसायचा. आम्ही जुने लोक हसत नव्हतो. आमच्या लेखी तो कागद म्हणजे सभा सुरू झाल्याची घंटा होती.

देवळीत बसस्टँडच्या मागे देवाजीभाऊंचं शिलाईचं दुकान. त्या दुकानामागची खोली हेच आमच्या पक्षाचं तालुका कार्यालय. पक्षाचं नाव मी सांगत नाही. मूळ नाव एकच, पण त्यापुढे कंसात इतक्या पुढाऱ्यांची आडनावं लागत गेली की आमच्यातल्याच माणसाला आपण नेमके कोणत्या कंसात आहोत ते आठवावं लागतं. खोलीत एक टेबल, दोन बाक, भिंतीवर चौकटीत लावलेली संविधानाची उद्देशिका आणि कोपऱ्यात न्यायला न आलेल्या पँटींचा ढीग. सर अध्यक्ष होते, कारण दुसऱ्या कोणाचं नाव निघालं की दोन जण रुसायचे आणि सरांचं नाव निघालं की कोणी रुसायचं नाही.

सर कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचे. वडील जिनिंगमध्ये हमाल. छप्पन साली नागपूरला धम्म घेताना त्यांनी लहानग्या सरांना खांद्यावर बसवलं होतं, हे सर वर्षातून एकदा तरी सांगत. अशा माणसाला इंग्लंडच्या राज्यघटनेचं एवढं वेड कुठून लागलं ते कळायला मार्ग नाही. तरुणपणी ते शॉर्टवेव्हवर लंडनच्या बातम्या ऐकायचे, पुढे मोबाईल आल्यावर तिथल्या पार्लमेंटमधली भांडणं पाहायचे. गावात त्यांना विलायती मास्तर म्हणत. वर्गात मात्र या विषयावर ते बोलू लागले की मागच्या बाकावरचेसुद्धा गप्प बसत. "इंग्लंडची राज्यघटना लिहिलेली नाही," सर सांगत, "ती संकेतांवर चालते. संकेत मोडला तर पोलीस येत नाहीत. म्हणून तो मोडायला फार सोपा असतो." एवढं पुस्तकी मराठीत सांगून ते प्रश्न विचारत आणि चष्मा काढून हातात घेत. उत्तर येईपर्यंत चष्मा डोळ्यांवर जात नसे. कधी कधी अख्खा तास संपे आणि सर तसेच उघड्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहत उभे असत. मला त्या डोळ्यांची फार भीती वाटायची.

ब्रिटननं युरोपात राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान घेतलं, त्याचा निकाल लागला त्या दिवशी सर सकाळीच दुकानात येऊन बसले. मी सावंगीला दवाखान्यात रेकॉर्ड विभागात नोकरी करते. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून मीही होते. देवाजीभाऊ मशीन चालवत होते आणि सर मोबाईलकडे पाहून दर दहा मिनिटांनी आकडे सांगत होते.

"सर, ते लोकं तिकडं निघून राह्यले त आपल्या देवळीले काय होते?" देवाजीभाऊंनी सुई ओवता ओवता विचारलं.

"काई होत नाई. पाहून ठेव फक्त."

दुपारी एकच्या सुमारास तिथला पंतप्रधान घराबाहेर आला आणि आपण पद सोडणार म्हणाला. राहायच्या बाजूनं तो होता, मतदान त्यानंच लावलं होतं आणि आपणच जिंकणार अशी त्याला खात्री होती. सरांनी मोबाईल उलटा ठेवला. "प्रश्न विचारला, हे चुकलं त्याचं," ते म्हणाले. "जे उत्तर आपल्याच्यानं आयकवत नाई, तो प्रश्न लोकाईले विचारू नाई. पन हरल्यावर उठून गेला, हे शोभलं." सात समुद्रांपलीकडच्या माणसासाठी सर एवढं मनाला लावून घेतात याची मला तेव्हा गंमत वाटली.

त्यानंतर चारच दिवसांनी तिथल्या विरोधी पक्षाच्या नेत्यावर त्याच्याच खासदारांनी अविश्वास दाखवला आणि हा गृहस्थ म्हणाला, मी जात नाही. सर खवळले. "बसूनच राह्यला भाय! आपल्याच मानसाईनं नको म्हनतलं, तरी बसून!" देवाजीभाऊ शांतपणे म्हणाले, "खासदाराईनं नको म्हनतलं, पन मेंबर लोकं त्याच्या संग हायेत म्हन्ता ना? मंग काऊन उठन तो?" सर दोन दिवस देवाजीभाऊंशी नीट बोलले नाहीत. देवाजीभाऊ सातवी नापास, पण सरांचं तोंड बंद करणारे तेवढे एकच होते.

त्याच हिवाळ्यात आमच्यावर पाळी आली. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि मुंबईत बसलेल्या आमच्या नेत्यानं एका मोठ्या पक्षाशी युती केली. ज्यांच्या विरोधात आम्ही जन्मभर पत्रकं वाटली, त्यांच्याच व्यासपीठावर तो हार घालून बसलेला फोटो आला. तालुक्यात आग लागली. तरुण पोरं म्हणाली, पक्ष सोडायचा. त्यांचा पुढारी प्रमोद, सरांचाच विद्यार्थी, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, बोलायला तिखट. म्हातारी मंडळी म्हणत, पक्ष आपला आहे, नेता आज आहे उद्या नाही. सरांचं मत साधं होतं. "घरात राहून भांडू. बाहेरून नुसतं बोंबलता येते."

पण भांडण मिटेना. एकदा दुकानासमोर दोन जणांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. तेव्हा सरांनी जाहीर केलं की सगळ्या सभासदांचं गुप्त मतदान घेऊ. राहू की निघू. जे ठरेल ते सगळ्यांनी मानायचं.

मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. "सर, असा प्रश्न विचारू नाही म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

"ते त्याईचे लोकं होते," सर म्हणाले. "हे माह्या हातचे पोरं हायेत. अर्ध्याईले त मी कान धरून पास केलं."

जून ते डिसेंबर, सहा महिन्यांत माणूस आपलंच वाक्य विसरतो. विद्यार्थी मोठे होतात आणि मास्तरांच्या डोक्यात ते बाकावरच बसलेले राहतात, एवढीच त्यांची चूक. ती मास्तरांनीच करावी.

रविवारी मतदान झालं. देवाजीभाऊंनी बटनांचा पत्र्याचा डबा रिकामा करून मतपेटी केली. प्रत्येकानं चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा आणि डब्यात टाकायची. मी 'निघू' लिहिलं. मी तेव्हा तिशीतली होते, त्या हारवाल्या फोटोनं माझं डोकं तापलं होतं आणि सर आता थकले, त्यांना भांडण झेपत नाही, म्हणून ते राहू म्हणतात असं मला मनापासून वाटत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. सचिवानं सगळ्यांसमोर अध्यक्षांच्या विरोधात बोलू नये, हाही एक संकेतच, अशी मी माझी समजूत घातली.

चिठ्ठ्या सरांनी स्वतः उघडल्या. एकेक वाचून दोन ढीग करत गेले. एक चिठ्ठी त्यांच्या हातात जरा जास्त वेळ राहिली, असं मला आज आठवतं. चार मतांनी 'निघू' जिंकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टीही मारली.

सरांनी निकाल वाचून दाखवला, सभा संपली असं म्हणाले आणि चष्मा काढून हातात घेतला.

कागद कात्रीखाली होता. आता मी कात्री उचलायची, कागद त्यांच्या हातात द्यायचा आणि दोन शब्द बोलायचे. मतदान पक्ष सोडण्यावर होतं, सरांवर नव्हतं. त्यांना जा असं कोणीच म्हटलं नव्हतं. सर माझ्याकडे पाहत होते. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून इतिवृत्त लिहीत होते, म्हणजे पेन नुसतं फिरवत होते. मला वाटलं, सरांनीच शिकवलंय की हरलेल्यानं उठावं. आता मी कागद परत दिला तर तो सरांच्या शिकवणुकीचा अपमान होईल. माणूस आपल्या भ्याडपणाला किती चांगले कपडे चढवतो! खरं एवढंच होतं की खोलीतल्या पोरांसमोर म्हाताऱ्याची बाजू घेतलेली दिसायला मला नको होतं.

प्रमोद म्हणाला, "सर, हरल्यावर उठून जावं, तुमीच सांगतलं होतं."

"हो. सांगतलं होतं," सर म्हणाले. मग चष्मा घातला, देवाजीभाऊंना सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि चहा यायच्या आत निघून गेले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मा. अध्यक्षांनी राजीनामा दिला.' कागद त्याच पानात ठेवून रजिस्टर मिटलं.

पुढचं सांगायला लाज वाटते. प्रमोद अध्यक्ष झाला. तीन महिन्यांत त्याचं उरलेल्यांशी वाजलं आणि वर्षभरात तो ज्या मोठ्या पक्षाशी युती नको म्हणून आम्ही निघालो होतो त्याच पक्षात गेला. नंतरचा अध्यक्ष काही जणांना घेऊन मूळ पक्षात परतला. तिसऱ्यानं एका नव्या आघाडीचा फलक लावला. देवाजीभाऊंनी एक दिवस खोलीला आतून कडी घातली आणि सांगितलं, "माह्या दुकानात आता फक्त कपडे येतीन." टेबलावर इस्त्री आली. मी अकरा लोकांच्या एका गटाची अध्यक्ष झाले. आमच्याही नावापुढे कंस आहे.

सर घरी कॅलेंडरच्या पाठीवर पद सोडून गेलेल्यांची यादी करत होते. डावीकडे लंडन, उजवीकडे देवळी. लंडनला त्या पहिल्यानंतर एक बाई आली. तिचा करार पार्लमेंटनं तीनदा फेटाळला आणि ती रडवेल्या आवाजात निरोप घेऊन गेली. मग विस्कटलेल्या केसांचा एक आला, त्याला त्याच्याच मंत्र्यांनी घालवलं. त्यानंतरची तर दीड महिन्यात आटोपली. मी वर्षातून दोन-तीनदा सरांकडे जायची, तेव्हा ते ती यादी दाखवायचे. "पाय, दोघंबी बरोबरीत चालून राह्यले." ते हसायचे, काकू हसायच्या नाहीत. काकू माझ्यासमोर चहाचा कप जरा जोरातच ठेवायच्या. ते मी मुकाट्यानं सोसत होते.

ती दीड महिन्यावाली गेली त्या आठवड्यात मी गेले होते. सरांनी यादीत तिच्या नावावर रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं. "वंदना, उठून गेला हे शोभलं म्हनतलं होतं ना मी? ते चुकलं माहं. मीबी उठलो ते चुकलंच. हरलेल्या मानसानं तिथंच बसा लागते. जिंकलेले एकमेकाईले खाते, त्याईले आवराले कोनी पायजे."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी बशीतला चहा फुंकत राहिले.

गेल्या वर्षी सर सावंगीला आमच्याच दवाखान्यात आले. फुप्फुसं गेली होती. त्यांची फाईल माझ्या टेबलावरून गेली, त्यामुळे डॉक्टरांनी काकूंना जे अजून सांगितलं नव्हतं ते मला आधीच कळलं. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी रजिस्टर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन वॉर्डात गेले. काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. सरांच्या नाकाला नळी होती, उशीशी चष्मा होता.

"सर," मी म्हणाले, "त्या दिवशी मी चिठ्ठीवर निघू लिहिलं होतं."

"मालूम हाय. तुहं अक्षर मी अकरावीपासून पाहून राह्यलो." श्वास घ्यायला ते थांबले. "मत तुहं होतं. त्याचं काई नाई." पुन्हा थांबले. मग चष्म्याशिवायच्या त्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कागद वापस काऊन नाई देल्ला?"

अकरावीत घाबरायची तशीच मी घाबरले. मी पर्समधून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. "घ्या सर," म्हणाले. आठ वर्षं उशिरा.

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, परीक्षेचा पेपर तपासावा तसा. "तारीख टाकली नाई तू."

"नाही टाकली."

"मंग हा राजीनामा लागूच नाई झाला." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता. "म्हंजे मी अजून अध्यक्ष हाव. मंग सभा बोलाव. सगळ्याईले. एकडाव सगळे एका खोलीत बसू दे. मले काई बोलाचं नाई. बसलेले पाह्यचे हायेत. मोबाईलवर दाखवजो."

कागद त्यांनी मला परत दिला. "तुह्यापाशी ठेवजो. सभेत लागन."

मी त्याच दिवशी फोन सुरू केले. देवाजीभाऊ लगेच म्हणाले, इस्त्री हटवतो, खोली झाडतो. बाकीच्यांना मी रोज फोन करत होते, बसमधून, कॅन्टीनमधून, दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून. सरांचे शेवटचे दिवस आहेत म्हणून सांगत होते. कोणी नाही म्हणालं नाही. सगळ्यांना सरांचा कळवळा होता, दोघे तर फोनवर रडले. आणि रडून झाल्यावर प्रत्येकानं एकच विचारलं, "अध्यक्षस्थानी कोन राहीन?"

"सरच," मी म्हणायची.

"सर दवाखान्यात हायेत. खुर्चीवर कोन बसन ते सांग."

"खुर्ची रिकामी ठेवू."

"अन् फोटो कोनाच्या मोबाईलवरून टाकाल?" प्रमोदनं विचारलं. "ताई, मी येतो. माह्या गुरुजीसाठी येतोच. पन ते मूळ पक्षवाले मधात बसतीन अन् मी बाकावर, हे माह्याच्यानं होनार नाई. आमच्या वरच्याईनं पाह्यलं त काय म्हनतीन?" मूळ पक्षवाला म्हणाला, प्रमोद येणार असेल तर मी नाही. आघाडीवाल्याला सभेच्या निमंत्रणावर आपल्या आघाडीचं नाव हवं होतं. माझ्या स्वतःच्या अकरा लोकांनी मला बजावलं, ताई, तुम्ही त्यांच्या पाया पडायला जाऊ नका, गटाची इज्जत जाते. मी गेले, पडले. तरी नाही जमलं. मी रोज वॉर्डात जायची. सर विचारायचे, "कधी?" मी म्हणायची, "रविवारी." नवव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. तो शनिवार होता.

सरांना नेलं तेव्हा मात्र सगळे आले, चार घोळक्यांत चालले. देवाजीभाऊ एकटे मधून चालत होते. मग चार गटांनी चार शोकसभा घेतल्या, चार फलक लागले, चारही फलकांवर सरांचा तोच फोटो होता. मला त्या फलकांचा इतका राग आला की आमचा फलक मी स्वतः फाडला असता. पण तो मीच छापायला दिला होता.

आमची सभा देवाजीभाऊंच्या खोलीत झाली. त्यांनी एवढ्यापुरती कडी काढली. इस्त्री खाली ठेवली होती, टेबलावर इस्त्रीचे डाग होते. गटाची अध्यक्ष म्हणून मला खुर्चीत बसायचं होतं. बसण्याआधी मी चष्मा लावून रजिस्टरचं एक पान फाडलं, दोन ओळींचा राजीनामा लिहिला, सही केली, तारीख टाकली नाही. देवाजीभाऊंनी काही न विचारता कात्री आणून दिली. ती मी त्या कागदावर ठेवली आणि बसले.

भाषणं झाली. सरांचे गुण सगळ्यांनी सांगितले. दोन मिनिटं उभं राहणं झालं. मी सभा संपली म्हणाले. नवा सचिव चांगला पोरगा आहे, यवतमाळकडचा, सरांना त्यानं कधी पाहिलेलं नाही. त्यानं रजिस्टर मिटलं, पिशवीत घातलं, सरांच्या फोटोचा हार सारखा केला आणि म्हणाला, "ताई, मी निघू? शेवटची बस हाय." बाकीचे चपला शोधू लागले. देवाजीभाऊ बाहेर चहा सांगायला गेले होते.

त्या पोराचा दोष नाही. ही पद्धत त्याला कोणी सांगितलीच नव्हती आणि ती कुठे लिहिलेलीही नाही. कागद कात्रीखाली होता. हात लांबवून मी तो स्वतः उचलू शकत होते. मी चष्मा काढला आणि हातात धरून बसून राहिले.